मोल्सवर्थ : गावाबाहेर वाढलेलं आडनाव

५ फेब्रुवारी १९८५ च्या रात्री इंग्लंडमधल्या मोल्सवर्थ गावाला खेटून असलेल्या माळावर दीड हजारांच्या आसपास सैनिक उतरले. तिथे शांततावाद्यांची छावणी होती, ती उठवायची होती. उजाडेपर्यंत माळाभोवती मैलोगणती काटेरी तारेचं कुंपण उभं राहिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या रात्रीला चाळीस वर्षं झाली. कुणी दोन ओळी लिहिल्या असतील म्हणून मी इंटरनेटवर ते नाव टाकलं, तर आधी दुकानंच पुढे आली. ‘मोल्सवर्थ घराण्याचं कुलचिन्ह’ छापलेला मग, भिंतीवर लावायची ढाल, चावीची साखळी. फार राग आला. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला कधीच मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या मागून तिच्या पुरुषवंशातल्या वारसांना. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. तरी ही विक्री राजरोस चालते, आणि आडनावाचा इतिहास म्हणून लोक तीच ढाल घरी घेऊन जातात.

या आडनावाचा इतिहास असा एका ढालीत मावणारा नाही. आपल्या घरांत तर ते आडनाव म्हणून कधी उच्चारलंच गेलं नाही. ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ म्हणजे कोशात बघ. आमच्याकडे दोन मोल्सवर्थ होते. एक हा मराठी-इंग्रजी कोश, १९७५ साली पुण्यात पुनर्मुद्रित झालेला, वडिलांनी हौसेने घेतलेला. दुसरा माझ्या आजोबांच्या टेबलावर असे. ते पी.डब्ल्यू.डी.त होते आणि इंजिनिअरिंगच्या सूत्रांचं एक छोटं जाड पुस्तक सतत हाताशी ठेवत. तेही ‘मोल्सवर्थ’च. पहिला जेम्स थॉमस, दुसरा गिलफोर्ड. हे एकाच नावाचे दोन वेगळे गृहस्थ आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि त्या नावाचं एक गाव आहे हे तर १९८१ साली, यजमानांच्या नोकरीमुळे हंटिंग्डनला राहायला गेल्यावर. ए ६०४ रस्त्यावर पाटी दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली.

जुना काळ भराभर उरकते, कारण त्यातला बराच भाग सरदार-दरकदारांचा आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात या गावाची नोंद आहे. मूल नावाच्या कुणा सॅक्सन माणसाचं कुंपण घातलेलं आवार, असा गावाच्या नावाचा उगम सांगतात. इंग्लंडात आडनावं पिढीजात व्हायला लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, आणि गावावरून पडलेल्या आडनावांचा नियम आपल्याला नवा नाही. चिपळूण सोडल्याशिवाय कुणी चिपळूणकर होत नाही. मोल्सवर्थमध्ये राहणाऱ्याला शेजारी मोल्सवर्थ कशाला म्हणतील? वेस ओलांडली, परक्या गावात कुणी ‘कुठला रे तू?’ विचारलं, की नाव चिकटतं. म्हणून अशा आडनावाचा नकाशा म्हणजे बाहेर पडलेल्यांचा नकाशा असतो. त्याचा मध्य रिकामा सापडला तर नवल नाही.

पहिल्या एडवर्डच्या काळात वॉल्टर द मोल्सवर्थ नावाचा शेरीफ होता. एलिझाबेथ राणीच्या काळात एक फांदी पार नैऋत्येला कॉर्नवॉलात गेली आणि पेनकॅरोच्या वाड्यात स्थिरावली. वेडब्रिज गावात आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, मोल्सवर्थ आर्म्स नावाची खाणावळ आहे. या फांदीतला हेंडर जमैकाचा कारभारी झाला. दुसरी फांदी आयर्लंडला गेली. तिच्यातला रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कला राजदूत होता. तिथल्या निरंकुश राजसत्तेवर त्याने १६९४ साली जळजळीत पुस्तक लिहिलं आणि १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला. साउथ सी कंपनीचा फुगा फुटला तेव्हा संचालकांना पोत्यात शिवून थेम्समध्ये टाका, असं हाच म्हणाला होता. यॉर्कशायरच्या एडलिंग्टनला त्याची जमीन होती. तिथल्या रानात त्याने आपल्या लाडक्या कुत्र्याचं स्मारक उभारलं. डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याचा. रॉबर्टच्या मुलाने १७०६ च्या रामिलीच्या लढाईत आपला घोडा सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोला देऊन त्याचा जीव वाचवला. पुढे १८१५ साली सहावा व्हायकाउंट सिलोनहून परतताना बायकोसह आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी आर्निस्टन जहाजाबरोबर बुडाला.

एकोणिसाव्या शतकात हे नाव जगभर पसरलं. पेनकॅरोचा सर विल्यम पार्लमेंटात कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीविरुद्ध उभा राहिला, तिची चौकशी करणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला, आणि १८५५ मध्ये वसाहतमंत्री होऊन त्याच वर्षी वारला. न्यूझीलंडची संसद वेलिंग्टनमध्ये ज्या रस्त्यावर आहे तो मोल्सवर्थ स्ट्रीट याच्या नावाचा. आयरिश फांदीतले एक पाद्री १८३९ साली लँकेशायरमध्ये रॉचडेलला आले आणि चर्चच्या करावरून राजकारणी जॉन ब्राइटशी त्यांचं कडाक्याचं वाजलं. त्यांचाच मुलगा गिलफोर्ड सिलोनच्या रेल्वेवर आणि नंतर हिंदुस्थान सरकारचा रेल्वे सल्लागार अभियंता झाला. आजोबांच्या टेबलावरचं पुस्तक ते याचं.

आता माझं दशक. १९८० चं दशक म्हटलं की लोकांना थॅचरबाई आणि खाणकामगारांचा संप आठवतो. मला आठवतात फोनबुकं. तेव्हा मोठ्या ग्रंथालयांत साऱ्या ब्रिटनची फोनबुकं ओळीने लावलेली असत. कुणालाही खुर्ची ओढून बसता येई, पैसा पडत नसे. शनिवारी मी पीटरबरोला जात असे, एकेका जिल्ह्याचं बुक काढून ‘एम’ उघडत असे, आणि सापडलेलं प्रत्येक मोल्सवर्थ घर कार्डावर उतरवून घेत असे. शेजारच्या टेबलावर असंच कुणीतरी दुसऱ्या आडनावाच्या मागे लागलेलं असे. एकाच आडनावाचा छडा लावणाऱ्या हौशी लोकांची गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज १९७९ सालीच स्थापन झाली होती. निवृत्त पोस्टमास्तर, शाळेतल्या बाई, एक नर्स. कुणाला पदवी नाही, मानधन नाही. मी परकी, साडीवर कोट घातलेली, पण ‘तुमचं नाव कुठलं?’ एवढंच विचारून ते मला आपल्यात घेत. १८९० सालचं गपीचं पुस्तक त्यांनीच माझ्या हाती दिलं. गपीने शेतकऱ्यांच्या नावांवरून आडनावांची मायभूमी शोधली होती, पण दहा हजारांत सातपेक्षा कमी असलेली नावं त्याने गाळली. विरळ नावांचा शोध घ्यायचं काम मग अशा हौशी माणसांवरच पडलं.

गावात त्या नावाचं कुणी मला भेटलं नाही. तिथलं सेंट पीटर्स चर्च मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. आतल्या भिंतींवर मध्ययुगातली चित्रं आहेत, विटलेली पण ओळखू येणारी. संत ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन पाण्यातून चाललेला, आणि संत अँटनी, त्याच्याजवळ डुक्कर आणि घंटा. ख्रिस्तोफर हा वाटसरूंचा रक्षक. गावाबाहेर पाऊल टाकण्याआधी त्याचं दर्शन घ्यायची तेव्हा रीत होती. सातशे वर्षांपूर्वी इथून निघालेला जो कुणी पहिला ‘मोल्सवर्थ’ झाला, तो कसा निघाला असेल, हा विचार त्या भिंतीसमोर उभं राहिलं की मनातून जात नसे.

चर्चच्या पलीकडे, त्या माळावर, हवाई तळ होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-१७ विमानं तिथून जर्मनीवर जात. १९८० साली सरकारने जाहीर केलं, ग्रीनहॅम कॉमननंतर क्रूझ क्षेपणास्त्रांचा दुसरा तळ इथे होणार. चौसष्ट क्षेपणास्त्रं, अण्वस्त्रांची. १९८१ च्या डिसेंबरात छावणी पडली. क्वेकर, ख्रिस्ती शांततावादी, विद्यार्थी, तान्ही पोरं घेऊन आलेल्या बायका. त्यांनी तळाच्या जमिनीवर गहू पेरला आणि तो इरिट्रियाच्या दुष्काळग्रस्तांना पाठवायचं ठरवलं. दगडमातीचं एक छोटं प्रार्थनाघर बांधलं आणि त्याला ‘आयरीनी’ म्हणजे शांती हे ग्रीक नाव दिलं.

मी चहाचा थर्मास आणि थालीपिठं घेऊन जात असे. एकदा तिथे जेम्स थॉमसची गोष्ट सांगितली. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात कोवळ्या वयात आला, मराठी शिकला आणि १८३१ साली चाळीस हजार शब्दांचा कोश उभा केला. लष्करी चाकरी ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही असं त्याच्या मनाने घेतलं, तेव्हा त्याने ती सोडली आणि पेन्शनही नाकारलं. पुढे सरकारने बोलावलं म्हणून परत आला तो फक्त कोशासाठी, आणि १८५७ मध्ये साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती काढून दिली. त्या वर्षी हिंदुस्थानात काय पेटलं होतं ते आपल्याला सांगायला नको. या गावाचं नाव लावणारा सैनिक शस्त्र खाली ठेवतो, आणि त्याच नावाच्या गावात अण्वस्त्रं येऊ घातलेली. ऐकणारे गप्प झाले. एका क्वेकर आजींनी नाव वहीत उतरवून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा तपासलं.

कुंपणाच्या रात्रीनंतर संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन लष्करी जाकीट घालून पाहणीला आले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्या जाकिटाची चर्चा दिवसच्या दिवस केली, गव्हाची नाही, प्रार्थनाघराची तर नाहीच. छावणीतल्या माणसांना गलिच्छ, भटकी म्हणून रंगवलं. मी त्यांच्यात बसले होते, म्हणून सांगते, ते खोटं होतं. मी मराठीत लेख लिहून एका साप्ताहिकाला पाठवला. संपादकांनी तो परत केला. ‘साहेबाच्या आडनावात आमच्या वाचकाला रस नाही’ असं वर लिहिलं होतं. त्याच साप्ताहिकात भाषाशुद्धीवर भांडणारे विद्वान दर अंकात मोल्सवर्थचा दाखला देत होते! कोश घ्यायचा, कोशकर्त्याचं नाव प्रमाण म्हणून फेकायचं, पण तो माणूस कोण, नोकरी का सोडली, त्याच्याबरोबर कोण बसलं होतं, हे विचारायचं नाही. कोशाच्या मुखपृष्ठावर मदत करणाऱ्या कॅंडी बंधूंची नावं आहेत. शास्त्र्यांची नाहीत. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले. १८२९ चा शास्त्रीमंडळींचा मराठी कोश यांचा, आणि त्या पायाशिवाय पुढचं घर उभं राहिलं नसतं. हे त्या लेखात होतं. तो छापला गेला नाही, म्हणून आज छापते आहे.

क्षेपणास्त्रं १९८६ च्या अखेरीस आलीच. मग १९८७ च्या डिसेंबरात रेगन-गोर्बाचेव करार झाला, १९८८ मध्ये ती परत जाऊ लागली आणि १९८९ उजाडेपर्यंत संपली. आयरीनी त्याआधीच बुलडोझरखाली गेलं होतं. नंतर तळावर अमेरिकन गुप्तवार्ता विश्लेषणाचं केंद्र आलं. त्या वर्षांबद्दल मला काही सांगण्यासारखं नाही.

जे गेलं त्याचं दुःख वेगळं आहे. फोनबुकं गेली. २००१ साली वेकफिल्डच्या एका मतदाराने आपलं नाव व्यापाऱ्यांना विकलं जाऊ नये म्हणून कोर्टात दावा जिंकला, त्यानंतर मतदारयादीच्या विक्रीच्या प्रतीतून नाव काढून घ्यायची सोय झाली. त्या मतदाराचं बरोबरच होतं. पण उघड यादी विरळ झाली आणि तिच्यावरून आडनावांचा नकाशा काढणंही अवघड झालं. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली ती एका कंपनीच्या संकेतस्थळावर, एका पानाच्या चित्राला साडेतीन पौंड या भावाने. २०१६ साली ऑक्सफर्डने चार खंडांत आडनावांचा थोर कोश काढला. तो विद्वानांचा आहे, उत्तम आहे. पण शनिवारच्या टेबलावरची ती निवृत्त पोस्टमास्तरची जात नाहीशी झाली. तिच्या जागी डीएनएचा डबा आणि कुलचिन्हाचा मग आला. आडनाव म्हणजे आपण कुठून निघालो याचा पत्ता, हे विसरून ते दागिना म्हणून गळ्यात घालायची वस्तू झालं.

माझी कार्डांची पेटी अजून आहे. वंशावळींच्या एका कंपनीने ती मागितली होती, मी नाही म्हटलं. हंटिंग्डनच्या अभिलेखागाराला ती द्यायचं ठरवलं आहे, फुकट पाहता यावी या अटीवर. ‘जे’खाली जेम्स थॉमसचं कार्ड आहे. त्याच्या पाठीवर आता सहाही शास्त्र्यांची नावं लिहिली आहेत, देवनागरीत आणि खाली रोमनमध्ये, म्हणजे तिथल्या कारकुनाला यादीत घेता येतील.