वस्तूबरोबर चिठ्ठीही चांगली हवी



आमचा लेख म्हणजे बेणे, लागण, खत आणि पाणी, हे आपणांस आता पाठ झाले आहे. या वेळी मात्र मुंबईच्या लालबागमधली एक हकीकत सांगणार आहोत. शेवटी ती आपल्या बांधावर येणारच आहे.

कामानिमित्त मुंबईस गेलो की आमचा मुक्काम लालबागला ताईकडे असतो. ताईचे सासरे आपल्याच भागातून गिरणीत गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणीचे काम गेले, पण चाळीतली खोली राहिली. त्याच खोलीत वाढलेला आमचा भाचा आज कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो.

चाळीत पहाटे ठराविक वेळेला पाणी येते. ते खालच्या टाकीत साठवून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. मोटर चालू करायला कोणीतरी उठायचे आणि बंद करायला विसरायचे. मग गच्चीवरून धबधबा. भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, टाकीत पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर बसवला, मोटरची वायरिंग माहितगार वायरमनकडून करून घेतली आणि हे सगळे चालवणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद.

हा प्रोग्रॅम ‘होम असिस्टंट’ नावाच्या मोठ्या प्रोग्रॅमला जोडून चालतो. घरातले दिवे, पंखे, पंप यांना एका जागेवरून हुकूम देणारा हा प्रोग्रॅम पॉलस स्काउटसेन या गृहस्थांनी २०१३ मध्ये सुरू केला. तो फुकट आहे, आणि घरातल्याच लहानशा कॉम्प्युटरवर चालतो. जगभरचे लोक त्यात आपापली भर घालतात. २०२४ पासून त्याची मालकी ‘ओपन होम फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडे आहे. थोडक्यात, आपल्या सहकारासारखेच काम. त्याला बाहेरून जोडायच्या अशा पुरवणी प्रोग्रॅमला ‘ॲड-ऑन’ हे नाव पडले. भाच्याने आपला ॲड-ऑन सर्वांसाठी खुला केला. इथपर्यंत कौतुकच.

आम्ही पोचलो त्या रात्री मात्र पोराचा चेहरा उतरलेला. जेवताना ताईने विचारले, तेव्हा बोलला. दादरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो ॲड-ऑन घेतला होता. त्यात एक रकाना होता, ‘विलंब’. पाणी चढत नसेल तर किती वेळाने मोटर बंद करायची, ते तिथे भरायचे. सेक्रेटरींनी ३० भरले. त्यांना वाटले सेकंद. प्रोग्रॅम समजला मिनिटे. एके पहाटे पाणी आलेच नाही आणि मोटर अर्धा तास कोरडी फिरली. सील जळाले. दोन दिवस बिल्डिंगमध्ये पाणी नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात बादली धरून बसल्या होत्या म्हणे.

“मामा, प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं होतं, मिनिटं म्हणून,” भाचा म्हणाला.

“अरे, त्या आजींनी तुझा प्रोग्रॅम कधी वाचायचा?” असे आम्ही बोलून गेलो, आणि लगेच आमचीच जीभ चावली.

कारण, सभासद बंधूंनो, आमच्या हातूनही हेच घडलेले आहे. काही वर्षांपूर्वी तणनाशकाचे एक पत्रक आम्ही काढले. मात्रा हेक्टरी होती, पण छापताना ‘हेक्टरी’ हा शब्द गळला. एका सभासदाने ती एकरी समजून मारली. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, म्हणजे औषध अडीचपट पडले. कोवळी लागण करपली. तो भला माणूस एवढेच म्हणाला, “साहेब, कागद तुमचाच होता.” ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. औषध खोटे नव्हते, शिफारसही चुकीची नव्हती. चुकला तो कागद.

ही गोष्ट भाच्याला सांगितली. मग चहा ठेवून मामा-भाचे चटईवर बसलो आणि त्याच्या ॲड-ऑनची ओळख नव्याने लिहून काढली. ॲड-ऑनबरोबर तीन कागद द्यायची रीत आहे. ‘रीडमी’ म्हणजे थोडक्यात ओळख, ‘डॉक्स’ म्हणजे सविस्तर माहिती आणि ‘चेंजलॉग’ म्हणजे केलेल्या बदलांची नोंद. भाच्याच्या ओळखीत एकच ओळ होती. बाकीचे कागद कोरेच. आम्ही ठरवले ते असे :

१) पहिल्या दोन ओळींत ही वस्तू काय करते आणि काय करत नाही, ते सांगावे. ‘वरची टाकी भरली की मोटर बंद होते. खालची टाकी रिकामी आहे हे मात्र दुसरा सेन्सर लावल्याशिवाय कळत नाही.’

२) आधी काय असावे लागते ते लिहावे. कोणत्या जातीच्या कॉम्प्युटरवर चालते, कोणते सेन्सर लागतात. विजेची जोडणी वायरमनकडूनच करावी, हे ठळक अक्षरांत.

३) प्रत्येक आकड्यापुढे एकक हवेच. सोबत भरलेला नमुना द्यावा. काहीच न भरल्यास धोका होणार नाही, असा आकडा आधीच घालून ठेवावा.

४) प्रोग्रॅम जे अधिकार मागतो ते कशासाठी, ते सांगावे. ॲड-ऑनच्या सुरक्षिततेला गुण असतात, जितके जास्त तितके चांगले. फाजील अधिकार मागितले की गुण घसरतात.

५) बदल केला तर तारखेसह नोंदवावा. जुने आकडे बदलावे लागणार असतील तर ते अगदी वर लिहावे, आणि आधी बॅकअप घ्या असे बजावावे.

६) सुबक चौकोनी चित्र जरूर लावावे. पण ते सर्वांत शेवटी. भाच्याने चित्रावर दोन रात्री घालवल्या होत्या!

लिहून झाल्यावर कागद ताईच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचला आणि विचारले, “हे खालच्या टाकीत पाणी भरायच्या आधी चालू करायचं, का भरल्यावर?” आम्ही दोघे गप्प. दोन शहाणे तासभर बसले होते, पण ही गोष्ट लिहायची राहून गेली होती. ती ओळ लगेच घातली. रविवारी भाचा वायरमनला घेऊन दादरला गेला, दुसरा सेन्सर बसवला आणि नवीन कागद सेक्रेटरींसमोर ओळ न् ओळ वाचला. नव्या सीलचे पैसे त्याने स्वतःच्या पगारातून दिले. आम्ही त्याला अडवले नाही.

आता आपल्या बांधावर येऊ. मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आपल्या विहिरींवर आले आहेत, ठिबकला आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह येत आहेत. घेताना दुकानदाराकडे माहितीपत्रक मागा. रात्री लाइट येऊन-जाऊन राहिली तर मोटर काय करील, हे त्यात नसेल तर विचारा. आपली मुले-मुलीही अशा वस्तू बनवत आहेत. त्यांना सांगा, की कागद आधी घरातल्या माणसाला वाचायला द्या. जिथे तो अडखळेल तिथे चूक आपली.

आमच्या विभागापुरते सांगायचे तर कोणतेही पत्रक छापण्यापूर्वी ते आता एका सभासदाला वाचायला देतो. एवढे करूनही एखाद्या पत्रकात काही उमगले नाही, तर अंदाजाने औषध मारू नका. त्या ओळीखाली रेघ मारून पत्रक गट ऑफिसात परत द्या. आम्हांस राग येणार नाही, उलट एखादी लागण वाचेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी