बाजार बघून वेग बदलणारी सरासरी: 'कामा' टूल कसं बनतं आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा?

शेअर मार्केटचे व्हिडीओ पाहिले असतील, तर चार्टवर भावासोबत वळत जाणारी एक रेषा तुम्ही नक्की पाहिली असेल. भाव रेषेच्या वर गेला की 'बाय', खाली आला की 'सेल', असं सांगितलं जातं. ही रेषा म्हणजे मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजेच रोज पुढे सरकणारी सरासरी.

तिचाच एक सुधारित प्रकार म्हणजे ॲडॅप्टिव्ह मूव्हिंग ॲव्हरेज. बाजार कसा चाललाय हे बघून ती स्वतःचा वेग बदलते. अशा रेषांना 'एआय इंडिकेटर' असं चकचकीत नाव देऊन विकणारेही आहेत. प्रत्यक्षात यातलं गणित बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढंच आहे. साधा लॅपटॉप आणि पायथनची तोंडओळख असेल, तर तीस-चाळीस ओळींत हे टूल घरी बनतं.

मग अडचण कुठे येते? तेच समजून घेऊया.

साध्या सरासरीत काय बिघडतं?

समजा, तुम्ही एखाद्या शेअरचे गेल्या १० दिवसांचे बंद भाव घेतले, त्यांची बेरीज केली आणि १० ने भागलं. उद्या सगळ्यात जुना भाव काढायचा आणि नवा घालायचा. झाली मूव्हिंग ॲव्हरेज.

पण दिवस किती घ्यायचे? १० दिवसांची सरासरी चटकन वळते, पण प्रत्येक छोट्या झटक्याला फसते. २०० दिवसांची सरासरी शांत असते, पण ट्रेंड बदलल्याचं तिच्यात दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शेअर आठवडेच्या आठवडे एकाच पट्ट्यात वर-खाली करत असेल, तर छोटी सरासरी आज 'घ्या', परवा 'विका' असं सांगत राहते. प्रत्येक वेळी थोडं थोडं नुकसान होतं.

यावर अनेकांनी उपाय शोधले. तुषार चांदे यांनी १९९२ मध्ये 'विद्या' नावाची सरासरी मांडली. अमेरिकेतले पेरी कॉफमन यांनी १९९५ च्या 'स्मार्टर ट्रेडिंग' या पुस्तकात मांडलेली पद्धत 'कामा' म्हणजे कॉफमन्स ॲडॅप्टिव्ह मूव्हिंग ॲव्हरेज म्हणून ओळखली जाते. आपण तिचंच उदाहरण घेऊ.

कॉफमन यांची युक्ती

घरापासून एसटी स्टँड १ किलोमीटरवर आहे. तुम्ही सरळ चालत गेलात, तर १ किलोमीटरच चाललात. पण वाटेत भाजी मंडई, मित्राचं दुकान आणि पोस्ट ऑफिस असं फिरत गेलात, तर कदाचित ४ किलोमीटर चाललात. पोहोचलात तिथेच, पण तुमची कार्यक्षमता एक चतुर्थांश, म्हणजे ०.२५.

कॉफमन हाच हिशोब शेअरला लावतात. १० दिवसांत भाव निव्वळ किती सरकला, भागिले रोजच्या चढ-उतारांची एकूण बेरीज. बेरीज करताना वर आणि खाली हा फरक धरायचा नाही. उत्तर ० ते १ मध्ये येतं. १ म्हणजे सरळ चाल, ० च्या जवळ म्हणजे नुसती धांदल.

या आकड्यावरून सरासरीचा वेग ठरतो. चाल सरळ असेल, तर ती २ दिवसांच्या सरासरीसारखी चपळ व्हायला बघते. धांदल असेल, तर ३० दिवसांच्या सरासरीसारखी मंद व्हायला बघते. कॉफमन या वेगाचा वर्गही करतात. त्यामुळे धांदलीत ती जवळपास थांबतेच.

आकडे घालून बघू

दोन शेअर घ्या. दोन्ही १० दिवसांत १०० वरून ११० रुपयांवर आले.

पहिला रोज १ रुपयाने वाढला. निव्वळ हालचाल १०, एकूण हालचाल १०. कार्यक्षमता १.

दुसरा एक दिवस ५ रुपये वर, दुसऱ्या दिवशी ३ रुपये खाली, असा आला. निव्वळ हालचाल १०, पण एकूण हालचाल ४०. कार्यक्षमता ०.२५.

वेगासाठी दोन ठरलेले आकडे लागतात. चपळ टोकाचा २ भागिले ३, म्हणजे ०.६६६७. मंद टोकाचा २ भागिले ३१, म्हणजे ०.०६४५. दोघांमधला फरक ०.६०२२. याला कार्यक्षमतेने गुणायचं, ०.०६४५ मिळवायचे आणि उत्तराचा वर्ग करायचा.

पहिल्या शेअरसाठी उत्तर येतं ०.४४४. दुसऱ्यासाठी फक्त ०.०४६.

आता समजा, दोन्हींची कालची 'कामा' १०५ होती आणि आजचा भाव ११० आहे. फरक ५ रुपयांचा. या फरकाला वेगाने गुणून कालच्या सरासरीत मिळवा. पहिल्याची सरासरी १०७.२२ होते, दुसऱ्याची जेमतेम १०५.२३. भाव तोच, पण धांदल करत आलेल्या शेअरवर 'कामा' इतक्यात विश्वास ठेवत नाही.

हेच आकडे तुमच्या टूलला खाऊ घाला. उत्तरं जुळली नाहीत, तर पुढे जायचंच नाही.

टूल चुकतं कुठे?

सूत्र बरोबर असूनही आउटपुट चुकीचं येऊ शकतं. कारण बहुतेक वेळा डेटा असतो.

पहिली गोष्ट, बोनस आणि स्प्लिट. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने एकास एक बोनस शेअर दिला. २,६०० रुपयांच्या वर असलेला भाव एका दिवसात १,३०० च्या आसपास दिसू लागला. गुंतवणूकदाराचं नुकसान झालं नव्हतं, कारण शेअरची संख्या दुप्पट झाली होती. पण जुने भाव निम्मे करून न घेतलेल्या टूलला ही महाभयंकर पडझड वाटेल आणि ते 'सेल' म्हणेल.

दुसरी, शून्याने भागाकार. एखाद्या शेअरचा भाव १० दिवस हललाच नाही, तर ० भागिले ० होतं आणि टूल अडकतं. अशा वेळी कार्यक्षमता ० धरा, हे टूलला आधीच सांगावं लागतं.

तिसरी, सुरुवात. 'कामा' कालच्या 'कामा'वर उभी असते. मग पहिल्या दिवशी काय धरायचं? साधारणपणे तिथला बंद भाव घेतात. पण बाजार धांदलीत असेल, तर या अंदाजाचा परिणाम बरेच दिवस टिकतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने निकालात धरू नयेत.

'मागच्या वर्षी एवढा नफा झाला असता'

टूल तयार झालं की जुन्या डेटावर चाचणी घेतली जाते. याला बॅकटेस्ट म्हणतात. सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

आजचा सिग्नल आजच्या बंद भावावरून निघतो, म्हणजे बाजार बंद झाल्यावर. खरेदी होणार दुसऱ्या दिवशी. चाचणीत मात्र त्याच भावाला खरेदी दाखवली, तर नफा आपोआप फुगतो.

चाचणीसाठी आजच्या निफ्टी ५० मधल्या कंपन्या घेतल्या, तर तुम्ही टिकून राहिलेल्याच कंपन्या निवडल्या. सत्यम २००९ मध्ये आणि येस बँक २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर पडली. त्या काळात निफ्टीवर पैसे लावणाऱ्याला त्यांचाही फटका बसला होता.

१०, २ आणि ३० हे तीन आकडे बदलता येतात. प्रत्येकासाठी २० पर्याय तपासले, तर ८,००० जोड्या होतात. त्यातली एखादी केवळ योगायोगाने झकास दिसणारच. आकडे एका काळावर ठरवायचे आणि तपासायचे वेगळ्या काळावर, हा यावरचा साधा नियम.

आणि खर्च. डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदीवर ०.१ टक्के आणि विक्रीवर ०.१ टक्के एसटीटी लागतो. पूर्ण भांडवल वर्षात ५० वेळा फिरवलं, तर नुसता एसटीटीच भांडवलाच्या सुमारे १० टक्के होतो. ब्रोकरेज आणि नफ्यावरचा कर वेगळा.

मग याचा उपयोग काय?

'कामा' पुढे काय होणार हे सांगत नाही. आतापर्यंतची चाल किती सरळ होती, एवढंच ती मोजते. सरळ म्हणजे चांगली, असंही नाही. रोज अपर सर्किट लागणाऱ्या शेअरची कार्यक्षमता १ येते. टूलच्या नजरेत तो सगळ्यात स्वच्छ ट्रेंड असतो. प्रत्यक्षात तिथे विकणाराच नसतो आणि भाव कुणी मुद्दाम चढवत असला, तरी रेषेला ते कळत नाही.

दुसरीकडे, सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. चार्टवर रेषा काढायची सोय ब्रोकरच्या मोबाईल ॲपमध्येही असते. फक्त रेषेने पैसे मिळाले असते, तर हा आकडा एवढा नसता.

तरीही हे टूल एकदा स्वतः बनवून बघण्यात अर्थ आहे. पुढच्या वेळी कुणी जादुई इंडिकेटर विकायला आलं, तर तुम्हाला नेमके प्रश्न विचारता येतील. बोनस आणि स्प्लिट धरलेत का? खरेदी कोणत्या भावाला दाखवली? बुडालेल्या कंपन्या यादीत आहेत का? खर्च वजा केलाय का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर आपले पैसे आपल्याच खिशात राहू द्यावेत.