दोन ग्रेच्या आधी सहा मिनिटं

पावणेआठला खोली उघडते. आधी पॉवर मीटर. लेझरचं टोक त्यावर टेकवायचं आणि आकडा 100 मिलिवॉटच्या आसपास आला की वहीत लिहायचा. हा आकडा घसरला की पुढचं गणितही घसरतं. एका जागेला 3 ज्यूल द्यायचे तर 100 मिलिवॉटला 30 सेकंद पुरतात, 70 ला 43 लागतात. दिवा मात्र दोन्ही वेळा सारखाच लाल दिसतो. दुसऱ्या टोकाचा 810 नॅनोमीटरचा प्रकाश तर डोळ्यांना दिसतच नाही. मीटर सांगतो, तरी मोबाईलच्या कॅमेऱ्यात एकदा बघून घेते. पडद्यावर जांभळट ठिपका उमटतो.

आठ. खोली रेडिएशनच्या दाराला लागूनच आहे, कारण आमचा लाल प्रकाश त्या दिवसाच्या रेडिएशनच्या आधी द्यायचा असतो. इथं सगळे रेडिएशनला शेक म्हणतात. तोंडाच्या कॅन्सरचा शेक म्हणजे रोज साधारण 2 ग्रे, आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड येतं. उन्हाळ्यात येतं तसं नव्हे. गालाचं आतलं अस्तर सोलून निघतं आणि घोटभर पाणी गिळताना माणूस टेबलाची कड आवळून धरतो. जेवण तुटतं, वजन उतरतं, नाकातून नळी घालावी लागते. कधी शेकच मध्ये थांबवतात, आणि खंड पडला की गाठीला सवड मिळते. आमची सगळी धडपड त्या खंडाविरुद्ध आहे.

पहिले मामा साताऱ्याकडचे. मावा सुटला तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

“मामा, चष्मा लावा.”

“लावलाय की, ताई. बघण्यासारखं ठेवलंय काय तुम्ही?”

टोकाला पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून आत घालते. दोन्ही गाल, ओठांच्या आतल्या बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, मऊ टाळू, अशा बारा जागा, म्हणजे सहा मिनिटं. गाठ अजून जागेवर असेल तर तिच्यावर टोक धरत नाही. तशा पेशींवर हा प्रकाश काय करेल, ही शंका पुरती फिटलेली नाही. ना चटका, ना ऊब. त्यामुळे ‘काही झालंच नाही’ ही तक्रार रोजची. तोंड यायच्या आधीपासून, शेकाच्या पहिल्या दिवसापासून हे सुरू करायचं असतं, आणि न दुखणाऱ्या तोंडाला औषध कशाला, हे समजावण्यात माझी निम्मी शक्ती जाते. मणिपालहून 2012 साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात काहींना खरा हीलियम-निऑन लेझर दिला, काहींना नुसतं बंद टोक. खऱ्या प्रकाशाच्या गटात तीव्र व्रण कमी झाले. अशा चाचण्यांच्या जोरावर आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हा उपचार आहे.

साडेनऊ. एक तरुण मुलगा. त्याचं तोंड दीड बोटच उघडतं. तीन बोटं उभी जायला हवीत. सुपारीनं गालाच्या आत दोरखंडासारखे पट्टे झालेत. टोक मागच्या दाढांपर्यंत पोचतच नाही. मग आधी व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांमध्ये एकावर एक सरकवायच्या, दोन-चार दिवसांनी एखादी वाढवायची. पुढून जमेल तेवढा लाल प्रकाश, आणि मागच्या भागासाठी बाहेरून गालावर 810 चं टोक, कारण ते लालपेक्षा खोल जातं. बाहेरून दिलेल्याचा पुरावा आतल्याइतका भक्कम नाही. पण काहीच न करण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. त्याच्या आईला मात्र लाल दिव्यापेक्षा काड्यांचंच महत्त्व दहा वेळा सांगते.

अकराला वॉर्ड. टॉर्च लावून बघायच्या आधी विचारते, “मावशी, काल काय जेवलात?” व्रणांची तीव्रता पानावरूनच कळते. भाकरी कुस्करून जाते म्हणजे दुसरी पायरी. नुसती पेज, नाचणीचं सत्त्व, ताक म्हणजे तिसरी. तेही जात नसेल तर चौथी. मीठ-सोड्याच्या गुळण्या चालू आहेत ना, हेही विचारायचं. आमच्या लेझरनं गुळण्यांची सुट्टी होत नाही.

दुपारी ओपीडीत निराळीच गर्दी. कुणाच्या हातात चेहऱ्यावर लावायच्या लाल मास्कची जाहिरात, कुणाला गुडघ्यासाठी पट्टा हवा. लाल प्रकाशाची ही विद्या जन्मली ती मात्र केसांतून. 1967 च्या सुमारास बुडापेस्टला एंद्रे मेस्टर लेझरनं कॅन्सर होतो का ते उंदरांवर तपासत होते. कॅन्सर झाला नाही, भादरलेले केस मात्र लवकर उगवले. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं आणि पेशीला ऊर्जा मिळते, असं मानतात. डोस कमी पडला तर गुण नाही, जास्त झाला तर गुण उतरतो. केसांच्या बाबतीत काहींना फायदा होतो, सुरकुत्यांना थोडाफार. पोटाची चरबी, थकवा, झोप असं सगळं एकाच डब्यात विकणाऱ्याला मी एवढंच विचारते, किती नॅनोमीटर, किती मिलिवॉट, किती अंतरावरून? बहुतेकांचं संभाषण तिथंच आटोपतं.

चारला एका नर्सताईंनी गाठलं. मुलाच्या चष्म्याचा नंबर वाढतोय, लाल प्रकाशाचं यंत्र मागवू का? चीनमध्ये मुलं 650 नॅनोमीटरच्या यंत्रात रोज दोनदा, तीन-तीन मिनिटं बघतात आणि नंबर वाढण्याचा वेग कमी होतो, हे खरं. पण 2023 मध्ये तिथल्याच बारा वर्षांच्या मुलीच्या नेत्रपटलाला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी चीननं ही यंत्रं सर्वांत कडक नियमांच्या वर्गात घातली. म्हटलं, ताई, आम्ही गालाला लावताना पेशंट आणि मी दोघंही चष्मा घालतो, तुम्ही डोळ्यातच लावणार? आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

पाचला नोंदी. मामांचं वजन अर्ध्या किलोनं उतरलंय. आहारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. उद्या शेकाच्या मशिनची देखभाल दुपारी ठेवलीय, म्हणून पहिली पाळी सातला. म्हणजे मला साडेसहाला मीटर लावायला हवा.