शिडाच्या जहाजावरची पाळी

पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला पाळी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी यांवरच आपल्या घरातले जेवण, झोप आणि मुलांचा अभ्यास अवलंबून असतो. रात्रपाळी कायम एकाच्याच गळ्यात पडली की कुरबूर सुरू होते, हेही आपण जाणतो. खलाशांपुढेही हाच प्रश्न होता आणि त्यांनी त्यावर फार पूर्वी तोड काढली. खलाशांचे हे जुने शहाणपण तरुणांना शिकवणारी शाळा आपल्या देशात आहे, आणि ती पाण्यावर तरंगते!

ही शाळा म्हणजे भारतीय नौदलाचे ‘तरंगिणी’ हे शिडाचे जहाज. गोवा शिपयार्डमध्ये ते बांधले गेले आणि ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झाले. लांबी ५४ मीटर, तीन डोलकाठ्या आणि वीस शिडे. मुक्काम केरळात कोचीला. २००३-०४ साली या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या जोडीला २०१२ साली ‘सुदर्शिनी’ हे दुसरे जहाज आले. तेही गोव्यातच बांधलेले.

इंजिनाच्या काळात शीड कशाला?

नौदलाकडे अत्याधुनिक युद्धनौका असताना होतकरू अधिकाऱ्यांना शिडाच्या जहाजावर का पाठवतात? कारण बटण दाबून इंजिन एकटा माणूस सुरू करू शकतो. मोठे शीड एकट्याला चढवता येत नाही. दोराला पाच-सात जण लागतात आणि सर्वांचा ओढा एकाच क्षणी पडावा लागतो. जड यंत्र सरकवताना आपले कामगार ‘हैशा’ म्हणून एकदम जोर लावतात, तसाच हा प्रकार. एकाने घाई केली किंवा एकाने अंग चोरले, तर भार दुसऱ्याच्या हातावर येतो.

डोलकाठीवर चढून उंच वाऱ्यात शीड गुंडाळायचे, तेव्हा दर्यावर्दींचा जुना नियम आहे: एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी. म्हणजे काम चोख करायचे, पण जीवही सांभाळायचा. खाली कोसळलेला माणूस सोबत्यांच्या काही कामाचा नसतो. प्रेस मशीनवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हा नियम पाठ करावा असा आहे.

सातवी पाळी

आता त्या पाळीच्या तोडीबद्दल. जहाजावरची पाळी चार तासांची. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे सहा पाळ्या होतात. खलाशांच्या दोन तुकड्या असोत की तीन, सहा पाळ्या सारख्या वाटल्या तर मध्यरात्र ते पहाटे चारची पाळी रोज त्याच तुकडीवर येणार. म्हणून खलाशांनी दुपारी चार ते रात्री आठ या पाळीचे दोन तुकडे केले, दोन-दोन तासांचे. पाळ्या सात झाल्या. सात हा आकडा दोनने जात नाही, तीननेही जात नाही. त्यामुळे पाळी आपोआप रोज पुढे सरकते. कोणाची मर्जी राखावी लागत नाही, कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. न्याय वेळापत्रकातच बसवलेला!

कामांचेही तसेच. अशा जहाजावर शिकणाऱ्याने सुकाणूही धरायचे, टेहळणीही करायची आणि डेकही घासायचा. काल सुकाणूवर असलेला आज हाती ब्रश घेतो, आणि त्यात कोणी त्याला हलका समजत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातीची चिकित्सा करताना श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवून दिला होता. काम वाटून घेणे वेगळे आणि माणसे जन्मावरून कामाला जखडणे वेगळे. ज्या सनातन्यांनी समुद्र ओलांडणे पाप ठरवले होते, त्यांच्याच देशात आज जहाजाच्या डेकवर काम फिरते ठेवून तरुणांना एकत्र राहायला शिकवले जाते. संघभावना यातूनच येते. नुसत्या भाषणाने ती येत नाही.

सहा मुलींची ‘तारिणी’

हे शिक्षण किती खोल मुरते हे नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी दाखवले. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ ही अवघ्या १७ मीटर लांबीची शिडाची नौका गोव्याहून निघाली. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कॅप्टन दिलीप दोंदे यांनी त्यांना घडवले होते. पॅसिफिक महासागरात त्यांनी प्रचंड वादळाला तोंड दिले. हिंदी महासागरात सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती केली. स्वयंपाक, दुरुस्ती, पहारा, सारे पाळीपाळीने. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी त्या सहाही जणी गोव्यात सुखरूप परतल्या.

आपल्या मुलांनी काय करावे?

हे सारे मोठ्यांच्या मुलांसाठी, असे म्हणून पालकांनी पान उलटू नये. या वाटेचा एक दरवाजा आपल्या शेजारी, खडकवासल्याला आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना परीक्षेची फी नाही. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही ही सवलत लागू आहे. तेव्हा दाखल्याची कागदपत्रे वेळेत काढून ठेवा. दहावीनंतर या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला आहे. कॉलेजात एन.सी.सी. असेल, तर तिची नौदल शाखा आहे का हे जरूर विचारा.

आणि अगदी आजपासून करण्यासारखे म्हणजे मुलामुलींना पोहायला शिकवा. महापालिकेचे तलाव आपल्यासाठीच आहेत.

प्रत्येक मूल नौदलात जाणार नाही, जावे असेही नाही. पण सातव्या पाळीचा हिशेब घरात, मंडळात आणि वस्तीच्या कामात आपण लावू शकतो. सतरंज्या उचलणारे नेहमी तेच आणि माईक धरणारे नेहमी तेच, असे जिथे असेल तिथे पाळी बदलून पाहा. दोराला सगळ्यांचे हात लागले की शीड वर चढतेच.