सोनं जांभळंही असतं

सोनं कशालाच दाद देत नाही, अशी आपली पक्की समजूत. ते शुद्ध करणाऱ्या कारागिराला विचारा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, सोनं निमूट विरघळतं. तयार होणारा पिवळा द्रव पाहून सोन्याचाच रंग पाण्यात उतरला असं वाटतं, तेही खरं नाही. तिथे धातू उरलेलाच नसतो. प्रत्येक सुवर्णअणूने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि चार क्लोरिन त्याला वेढून बसलेले असतात. पिवळेपणा या संयुगाचा.

हा द्रव बोटाला लागला आणि बोट उन्हात राहिलं, की जांभळा डाग उमटतो. तो मळ नव्हे, कातडीत रुतलेले सोन्याचेच कण असतात.

ऊन सोनं घडवतं, असंही काही जण म्हणतात. सोनं द्रावणात होतंच. अतिनील प्रकाश शोषला गेला की क्लोरिनकडचा इलेक्ट्रॉन सोन्याकडे सरकतो आणि बंध तुटतो. सुटलेला क्लोरिन पुन्हा सोन्याला चिकटू नये म्हणून त्याला गुंतवणारं अल्कोहोलसारखं काही पाण्यात असलं, तर काम भराभर होतं. टप्प्याटप्प्याने सोनं धातुरूपात येतं, अणू एकत्र जमतात, कण वाढू लागतात. दहा-वीस नॅनोमीटरचे कण सुमारे 520 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्रव माणकासारखा लाल दिसतो. त्यात चिमूटभर मीठ टाका, कण गोळा होतात आणि लाल रंग निळसर-जांभळा होतो. धातू तोच, फक्त कण एकमेकांना चिकटले. हा लाल द्रव आधुनिक जादू मुळीच नाही. मायकेल फॅरडेने 1857 मध्येच त्याच्यावर सविस्तर निबंध मांडला होता.

प्रकाश किंवा जहाल रसायनं यांच्याशिवाय असे कण होतच नाहीत, हा गैरसमज तर पुण्यातच खोडला गेला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या द्रावणात मिसळला. खोलीच्या साध्या तापमानालाच सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण तयार झाले. 2004 मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ने हे काम छापलं. अर्कातली द्रव्यं सोन्याला इलेक्ट्रॉन देतात. आधी गोल कण होतात, ते जणू द्रवासारखे मऊ असतात आणि एकमेकांत मिसळून त्रिकोण बनतात. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं: गोल कण हिरवा प्रकाश शोषतात, तर हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा, अवरक्ताजवळचा प्रकाशही शोषतात, केवळ आकार बदलल्यामुळे.