दिवस राहिल्यानंतरची खबरदारी

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून, शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून एक कन्या सुखरूप जन्मास आली, आणि अपत्याची आशा सोडून बसलेल्या असंख्य दांपत्यांपुढे एक नवी वाट उघडली. ती वाट आता पिंपरी-चिंचवडपर्यंत येऊन पोहोचली असून, चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारी कुटुंबेही साठवलेली पुंजी मोडून आयव्हीएफचा मार्ग पत्करतात. परंतु उपचारापायी जेवढी चर्चा, चौकशी आणि धावपळ होते, तिच्या निम्मीही दिवस राहिल्यानंतरच्या नऊ महिन्यांविषयी होत नाही. आणि खऱ्या दक्षतेची गरज तर तेथूनच सुरू होते.

या औद्योगिक पट्ट्यातील परिस्थितीने ही गरज अधिकच तीव्र केली आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून रोजगारासाठी आलेल्या घरातील स्त्रीचा उपचार एका केंद्रात होतो, पुढील तपासण्या घराजवळच्या प्रसूतिगृहात किंवा महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात होतात, आणि सातवा महिना सरला की रिवाजाप्रमाणे ती बाळंतपणासाठी माहेरी, बीड-लातूरकडे रवाना होते. अशा तीन ठिकाणी विभागलेल्या शुश्रूषेत पहिल्या ठिकाणची माहिती तिसऱ्या ठिकाणी पोहोचली नाही, तर ज्याने प्रसूती करावयाची त्या डॉक्टरलाच मूळ हकीकत ठाऊक नसते.

आयव्हीएफने राहिलेली बहुसंख्य बाळे निरोगी जन्मतात, हे प्रथम निःशंकपणे सांगितले पाहिजे. तथापि, नैसर्गिक गर्भधारणेच्या तुलनेत या गर्भारपणात काही धोके अधिक आढळतात: रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागणे, गर्भारपणातील मधुमेह, वार गर्भाशयाच्या मुखाशी खाली असणे किंवा ती भिंतीत खोल रुजून सुटण्यास अवघड होणे, आणि मुदतीपूर्वी प्रसूती. यांचे सारे खापर उपचारावर फोडणे मात्र न्याय्य ठरणार नाही. वाढलेले वय आणि ज्या कारणामुळे मूल होत नव्हते ते कारण यांचाही त्यात मोठा वाटा असतो. दात्या स्त्रीचे बीज वापरले असेल, तर रक्तदाबाच्या विकाराची शक्यता आणखी वाढते.

या सर्वांत टाळता येण्याजोगा धोका म्हणजे जुळ्या-तिळ्यांचा. खर्च मोठा, वाट पाहून जीव थकलेला. तेव्हा एकाच खेपेस दोन मुले झाली तर बरेच, असे दांपत्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुळी बाळे बहुधा मुदतीआधी आणि कमी वजनाची जन्मतात, नवजात अतिदक्षता विभागात त्यांना ठेवावे लागते, आणि मातेच्या रक्तदाबाचा व रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. म्हणून प्रकृती अनुकूल असेल तेथे एकच भ्रूण गर्भाशयात सोडून उरलेले गोठवून ठेवावेत, हा वैद्यकशास्त्राचा आजचा सल्ला आहे.

उपचारकेंद्राने दिलेला सारांशाचा कागद हा या गर्भारपणाचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होय. भ्रूण कोणत्या तारखेस सोडला, तो तीन दिवसांचा होता की पाच, ताजा की गोठवलेला, एक की दोन, बीज कोणाचे व त्या वेळी बीज देणारीचे वय काय, एवढा तपशील त्यात असावा. पाच दिवसांचा भ्रूण 1 जानेवारीस सोडला असेल, तर 261 दिवस मोजून 19 सप्टेंबर ही प्रसूतीची अपेक्षित तारीख निघते. तेथे पाळीच्या तारखेवरून अंदाज बांधण्याचे कारणच उरत नाही. जन्मदोषांच्या चाळणीसाठी केलेल्या रक्ततपासणीचा हिशेबही बीजाच्या वयावर अवलंबून असतो, आणि तो तपशील दडवला तर अहवालच चुकतो.

यापुढील तपासण्यांचा क्रम ठरलेला आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यातील सोनोग्राफीने गर्भ पिशवीतच आहे ना, हे कळते, कारण तो नळीत राहण्याची शक्यता येथेही असते. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान पहिली चाळणी होते. रक्तदाबाचा धोका अधिक असेल, तर कमी मात्रेची ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू केल्याने तो घटतो, मात्र ती डॉक्टरांच्या आज्ञेनेच घ्यावी. अठरा ते बावीस आठवड्यांत बाळाचे अवयव, त्यातही हृदय, आणि वारेची जागा पाहतात. चोविसाव्या आठवड्यानंतर साखरेची तपासणी पुन्हा होते. रक्तदाब 140/90 वर गेला, डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, हातातोंडावर एकाएकी सूज आली किंवा वेदना नसतानाही रक्त गेले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकास फोन करून रुग्णालय गाठावे. वार खाली किंवा खोल रुजलेली असेल, तर प्रसूती जेथे रक्तपेढीची तजवीज आहे तेथेच व्हावी, मग माहेरचा रिवाज काही सांगो.

विश्रांतीविषयीही अकारण भय बाळगले जाते. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. साधे चालणे-फिरणे हितकारकच आहे. पण रात्रपाळी, जड ओझी आणि तासन्‌तास यंत्रापुढे उभे राहणे यांविषयी डॉक्टरांचा दाखला घेऊन काम बदलून मागण्यात कसलाही संकोच नसावा. प्रसूतिलाभाच्या कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पगारी प्रसूतिरजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, आणि त्यांतील 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेण्याची मुभा आहे.

अखेर प्रश्न उरतो तो लाजेचा. सासरी कळू नये, शेजारी कुजबुज होऊ नये, म्हणून अनेक स्त्रिया उपचाराची गोष्ट लपवतात, आणि ती लपवण्याचा त्यांना पूर्ण अधिकारही आहे. मात्र डॉक्टरपासून ती लपवणे म्हणजे आपल्या बाळाच्या रक्षणाचे एक साधन आपणच दूर करणे होय. रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे. म्हणून केंद्राने सारांश न मागता हाती द्यावा, प्रसूतिगृहाने तो आवर्जून विचारावा, पतीने त्याची प्रत माहेरी जाणाऱ्या पिशवीत घालावी, आणि सासूबाईंनी, कळले असेल तर, सुनेला एका शब्दानेही न दुखवता तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत जावे. एवढ्या कष्टाने लाभलेल्या मातृत्वाबाबत एवढी हयगयही कोणाकडून होता कामा नये.