मेदरनिंगनहळ्ळी
बंगळूरच्या मल्लेश्वरम या भागाची आखणी १८९८ च्या प्लेगनंतर झाली. त्याला नाव देणारे काडु मल्लेश्वराचे देवालय मात्र पुष्कळ जुने आहे. एकोजीराजांनी मल्लपुरच्या या देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचे तेथील १६६९ चा कानडी शिलालेख सांगतो. विजापूरकडून शहाजीराजांना मिळालेल्या बंगळूरच्या जहागिरीवर तेव्हा त्यांच्या या पुत्राचा अंमल होता. १६८७ मध्ये तो संपला. लेख वाचणाऱ्याचे लक्ष प्रथम भोसल्यांच्या नावाकडे जाते. वस्तुतः गावाचे नावच अधिक बोलके आहे. मेदर म्हणजे आपल्याकडील बुरूड, आणि निंगनहळ्ळी म्हणजे निंगाचे गाव. बखरी टोपल्या विणणाऱ्यांची दखल सहसा घेत नाहीत. दानलेखास मात्र दिलेले गाव नेमके सांगावेच लागते. त्यामुळे राजाच्या नावासोबत निंगाचेही नाव शिळेवर कोरले गेले.